तांब्याभर पाणी

सख्ख्या धाकट्या भावाचा हात मी मोडला. उजवा, मनगटाजवळ. कट्ट असा आवाज आला तिथंच मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो, आणखी दोन लाथा घातल्या. आणि कशापायी? तर काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यापायी!

फौजेतली माझी शेवटची वर्षं अंदमानात गेली. आमचं गाव कवठे महांकाळकडचं, इथं प्यायच्या पाण्याची मारामार, समुद्र कुठला? म्हणून पेन्शनीत आल्यावर मी समुद्रच घरात आणला. चार फुटी टाकी, पिशवीतलं समुद्री मीठ, दोन नारिंगी जोकर मासे आणि ते ज्यात राहतात ते समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण तो जीव असतो, बोट लावलं की मिटतो. गाव दात काढायचं, "मेजर, कालवण कवा?" काढू देत. आई तिच्या देवघरात, भाऊ बागेत; बायको गेल्यापासून माझी वाट बघणारं घरात तेवढंच होतं. मी खोलीत आलो की दोन्ही मासे काचेशी यायचे.

खिडकीबाहेर भावाची द्राक्षबाग. छाटणी झाल्यावर तो बोर्डो मारायला लागला, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी. मोरचुदात तांबं असतं, आणि समुद्रफुलाला तांब्याचा कण म्हणजे विष. त्याच आठवड्यात माझं फूल आक्रसलं. झालं! माझं डोकं सटकलं.

मी टेस्ट किट मागवलं. पाण्यात थेंब टाकायचे, रंग चढला तर तांबं आहे. सकाळी मी गोठ्यात धारा काढायला असतो, म्हणून आईला सांगितलं, "टाकीतलं तांब्याभर पाणी काढून या बाटलीत भरून ठेवत जा." पहिल्या दिवशी रंग चढला. दुसऱ्या दिवशीही चढला. खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, रोज अर्धी टाकी उपसून नवं पाणी भरलं, तरी रंग हटेना. फूल रोज थोडं लहान व्हायचं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आठव्या दिवशी एक मासा उलटा तरंगत होता. तो मुठीत घेऊनच मी बागेत गेलो. भाऊ पाइप गुंडाळत होता.

"तुझ्या औषधानं मारलास हा!"

"दादा, डोकं ठिकाणावर हाय का? वारं घराकडनं हिकडं हाय. मी कशाला मारू?" मग माझ्या मुठीकडं बघून म्हणाला, "आन मासाच हाय की त्यो."

मासाच! फवाऱ्याची पितळी नळी खाली पडली होती. ती उचलली आणि हाणली. त्यानं हात आडवा घातला. तो ओरडत खाली पडला तरी मी लाथा घालत होतो, शेजारच्या बागेतले दोघं धावत येऊन मला आवळून धरेपर्यंत. दवाखान्यात भाऊ म्हणाला, "बांधावरनं पडलो." आईलाही त्यानं हेच सांगितलं.

मला मात्र कागदावर पुरावा पाहिजे होता. बाटली थेट टाकीत बुडवून भरली आणि सांगलीला माती-पाणी तपासतात तिथं दिली. रिपोर्ट आला: तांबं आढळलं नाही.

मी टेबलावर मूठ आपटली. "माझ्या किटमध्ये रोज येतंय! तुमची मशीन भंगारात घाला!"

तिथले साहेब वयस्कर, शांत. म्हणाले, "ते रोजचं पाणी कशात काढता?"

"तांब्यात."

"कसल्या?"

आमच्यात तांब्या म्हणजे तांब्या, मग तो स्टीलचा का असेना. कसला, हे कोण विचारतं?

घरी आलो. आई मोरीत बसून चिंचेनं तांब्या घासत होती. तांब्याचाच, देवघरातला, लखलखीत.

"यातच काढते रं," ती म्हणाली. "सांजच्याला काढून ठिवते, रातभर निवळतं. देवाचा तांब्या हाय, तुझ्या जीवांना बरं वाटंल."

खारं पाणी रात्रभर त्यात, मग तांबं उतरणारच. टाकीत काहीच नव्हतं. फूल मधूनमधून आपसूक आक्रसतं नि पुन्हा फुलतं, मलाच धीर नव्हता. रोजच्या उपशानं मासा मीच मारला होता. पुढं दोन दिवसांत फूलही गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही मीच.

भावापुढं जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "मार मला. डाव्या हातानं मार." मला रडू आवरेना. त्यानं प्लास्टरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांगू बी नगंस. तिला सोसायचं न्हाई."

टाकीत आता एकच मासा आहे. आई अजून रोज पाणी काढते. मी ते गुपचूप मोरीत ओततो आणि टाकीत बाटली बुडवून माझं माझं तपासतो. परवा सकाळी तिनं विचारलं, "काय रं, आज कसं हाय पाणी?"

"चांगलं हाय आई."

"बघ," ती खुशीत म्हणाली, "माझ्या हाताला यश हाय."

समोर भाऊ डाव्या हातानं चहा पीत बसला होता.