कुमुदचं उत्तर मी दिलं

“क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज फाइव्ह,” डॉक्टर म्हणाले. भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात माझी पत्नी कुमुद आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. दोन्ही मूत्रपिंडं बरीच वर्षं हळूहळू निकामी होत आता शेवटच्या पायरीवर आली आहेत, असा त्याचा अर्थ. क्रिएटिनिन आठच्या वर होतं. हा रक्तातला कचरा. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात, आणि निरोगी बाईच्या रक्तात तो साधारण एकच्या आत असतो.

“आंटी, दर्द की गोलियाँ खाती थीं क्या?” त्यांनी विचारलं.

“घुटने के लिए. रोज दो. दो-ढाई साल,” कुमुद म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थायलंडहून परत येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते.

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधून निवृत्त होणारे काही जण अजून मला विचारतात, परदेशात राहणं परवडतं का. त्यांना मी आजवर अर्धीच हकीकत सांगत आलो. आज पूर्ण सांगतो.

मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. पीएफच्या व्याजावर महिना चालवायचा, तर भोपाळमधल्याच कोटरा सुलतानाबादला कुमुदच्या बहिणीच्या घराजवळ दोन खोल्या, एवढंच जमण्यासारखं होतं. कुमुदला तेच हवं होतं. मला नको होतं. ज्या शहरात तीस वर्षं बाग असलेल्या क्वार्टरात राहिलो, तिथेच दोन खोल्यांत राहायचं मला जड जात होतं. उत्तर थायलंडमधल्या एका डोंगराळ गावात तेवढ्याच पैशात ऐसपैस घर मिळतं, असं कळलं आणि मी ठरवून टाकलं.

“तिथे बोलायचं कोणाशी?” कुमुदने विचारलं होतं.

“मी आहे ना,” मी म्हणालो.

जाण्यासाठी आरोग्यविमा लागत होता. कुमुदला रक्तदाब होता. जाण्याच्या दोन वर्षं आधी टाउनशिपच्या हॉस्पिटलात तिच्या लघवीत प्रोटीन सापडलं होतं. प्रोटीन लघवीत उतरायला लागलं, की मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली असं समजायचं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मेडिकल बुकात लाल शाईने लिहिलं होतं, पेनकिलर द्यायचं नाही. त्याने मूत्रपिंडं आणखी बिघडतात, असं मला बाजूला घेऊन समजावलंही होतं. घरी येऊन मी कुमुदला एवढंच सांगितलं, “मीठ कमी खा म्हणाल्या.” उगाच घाबरेल, असं तेव्हा वाटलं. तेव्हाचं कारण खरंच तेवढंच होतं.

विम्याच्या फॉर्मवर ‘आधीचे आजार’ असा रकाना होता. आजार लिहिला असता तर विमा नाकारला गेला असता, किंवा हप्ता आमच्या आवाक्याबाहेर गेला असता. मी ‘नाही’ लिहिलं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी माझ्या नावावर नेल्या. मेडिकल बुक मुद्दाम मेव्हणीच्या घरी ट्रंकेत ठेवलं.

तिकडचं घर चांगलं होतं. सकाळी फिरायला जायचो, भाजी ताजी मिळायची. पण घर डोंगर-उतारावर होतं, आणि सहा महिन्यांत कुमुदचे गुडघे दुखायला लागले. गावातले डॉक्टर सभ्य आणि सावकाश बोलणारे होते. कुमुदला इंग्रजी येत नाही, म्हणून मधे मी बसायचो. त्यांनी विचारलं, मूत्रपिंडाचा काही त्रास? मी तिच्याकडे न पाहताच ‘नो’ म्हणालो. फॉर्मवर तसं लिहिलेलं होतं, आणि त्यांच्या समोरच्या कागदावरही.

“काय विचारलं हो?”

“काही नाही, गुडघ्याचंच.”

डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज दोन. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. गोळ्यांनी तिला बरं वाटत होतं, एवढं मी स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या वर्षी पायावर सूज आली, तोंडाची चव गेली, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. मग आम्ही सामान बांधलं. भोपाळला आल्यावर लोकांना मी सांगितलं की, हिला तिकडचं मानवलं नाही.

निदानाच्या दुसऱ्या दिवशी मेव्हणीकडच्या ट्रंकेतून काढून डॉक्टरांना मेडिकल बुक दाखवलं. लाल शाईच्या पानावर ते थांबले. “यह तो साफ लिखा है.” कुमुद चटकन म्हणाली, “मेरी ही गलती, डॉक्टरसाब. किताब साथ ले जानी थी.” मी बुक मिटून पिशवीत ठेवलं.

नंतर तिच्या डाव्या हाताला एव्ही फिस्टुला केला. म्हणजे धमनी आणि शीर जोडून देतात. शीर फुगते, आणि डायलिसिसच्या जाड सुया तीत घालता येतात. ती तयार होईपर्यंत मानेच्या शिरेत नळी घातलेली होती. आठवड्यातून तीन सकाळी, चार-चार तास मशीनवर. रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडतात. त्या चार तासांची सवय होते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगतो. तहान मात्र फार छळते. पाणी मोजून प्यावं लागतं.

वेटिंग हॉलमध्ये तुळशीनगरच्या मीनाताई भेटायच्या. मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान शेजारच्या मशीनवर असत.

“एवढ्या गोळ्या काहून खाल्ल्या जी तुम्ही?” त्या कुमुदला म्हणायच्या. “शेंगदाणे होते का ते?”

“माझीच अक्कल,” कुमुद हसून म्हणायची.

पाच महिने मी हे ऐकलं. तिची बहीण तिला रागावली, पुण्याहून मुलगा फोनवर रागावला, “आई, निदान पाकिटावरचं तरी वाचायचंस.” सगळ्यांसमोर तिने मान खाली घातली. मी तिच्या औषधांच्या वेळा पाळत होतो, पथ्याचं करून घालत होतो. लोक म्हणायचे, काय सेवा करतात! तेही मी ऐकून घेत होतो.

एकदा दुपारी, कोटऱ्याच्या त्याच दोन खोल्यांत, बटाटे चिरून पाण्यात टाकत असताना मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, लाल शाई, दोन्ही वेळचं ‘नो’. (बटाट्यातलं पोटॅशियम काढायला ते असे भिजत घालतात.) तिने मला मधे थांबवलं नाही. शेवटी विचारलं, “दोनदा विचारलं होतं त्यांनी?”

“दोनदा.”

ती उठून बहिणीकडे गेली. संध्याकाळी परत आली.

मी डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, “किडनी शायद आगे-पीछे जाती ही. पर कुछ साल और मिल जाते, अंकल.” किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात हॉलमध्ये मीनाताईंनी पुन्हा शेंगदाण्यांचा विषय काढला. कुमुद मोठ्याने म्हणाली, “माझी अक्कल नव्हती ती, मीनाताई. ह्यांना माहीत होतं. ह्यांनी तिथल्या डॉक्टरांना खोटं सांगितलं.” मीनाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मी मान हलवली, “हो, खरं आहे.” मुलालाही तिने त्याच रात्री फोन केला. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

परदेशात जाऊच नका, असं मी कोणाला म्हणणार नाही. तेवढ्या पैशात तिथे खरंच भागतं. पण तुमच्या माणसाला तिथे स्वतःच्या तोंडाने ‘इथे दुखतं’ म्हणता येणार आहे का, ते आधी पाहा. आणि सगळं कमी उत्पन्नात बसवण्यासाठी तुम्ही कोणता आजार कागदावरून पुसताय, तेही. टाउनशिपच्या त्या डॉक्टरबाईंचे, डायलिसिसच्या मुलींचे आणि कुमुदच्या बहिणीचे मी आभार मानतो. कुमुदचे कसे मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

कुमुद मीनाताईंसमोर बोलली, त्यानंतरच्या डायलिसिसला नेहमीप्रमाणे टेक्निशियन वजन लिहायला आली. सवयीने माझ्याकडे बघून तिने विचारलं, “अंकल, आंटी को कोई तकलीफ?”

मी तोंड उघडलं.

“अहो, तुम्ही बाहेर बसा,” कुमुद म्हणाली. “माझं मी सांगते.”

मी बाहेर बाकावर बसलो. पडद्यामागून तिचं मराठी वळणाचं हिंदी ऐकू येत होतं. पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात. सकाळी उठल्यावर मळमळतं. झोप दोन तासांच्या वर लागत नाही. मशीन सुरू करताना भीती वाटते, दर वेळी.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं.