बोरीच्या आजीचं विरजण

सई, ईशान, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, बोरीची आजी कशी होती. तुमच्या आईला सांगता सांगता रडू येतं आणि तुमचे बाबा "छान होत्या" एवढंच म्हणतात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दारव्ह्याची आजी, म्हणजे मी, कशी आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही. असो. बोरीच्या आजीला, माझ्या विहीणबाईंना, जाऊन वर्ष होत आलं. मला सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

विहीणबाई कोणाच्याही दारात वाटी घेऊन उभ्या राहू शकत. ओळख असण्याची गरज नसे. तुमच्या आईबाबांच्या लग्नाची बोलणी करायला त्या प्रथमच आमच्याकडे आल्या आणि नेमकं चहाचं दूध नासलं. मी आत धावपळ करते आहे तोवर त्या शेजारच्या घरातून भांडंभर दूध घेऊन आल्यासुद्धा. त्या शेजारणीशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हते. "बाई लय गोड हाये तुमची शेजारीन," त्या म्हणाल्या. "तुमी काहून बोलत नाही इहीनबाई तिच्यासंगं?" भांडं परत करताना त्यांनी त्यात आमच्याच घरचे लाडू घालून दिले. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा त्यांचा नियम. लाडू माझे, नाव त्यांचं.

सईच्या वेळी जर्मनीला त्या गेल्या. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आपल्याकडचा रिवाज, त्यात मला बोलायला जागा नव्हती. इंग्रजी शिकवण्यात जन्म मी घालवला आणि विमानात बसल्या त्या. निघताना त्यांनी दह्यात भिजवून वाळवलेला एक सुती रुमाल सामानात ठेवला, तिकडच्या दुधात बुडवून विरजण लावायला. तिकडेही दही मिळतं, असं मी सांगून पाहिलं. "भेटत असन. पन ते त्यायचं," त्या म्हणाल्या.

तुमचे आईबाबा तेव्हा तुमच्या आत्ताच्या घरात नुकतेच राहायला आले होते. जर्मनीत नव्या माणसाला इंटरनेट लगेच मिळत नाही. आधी पत्त्याची नोंदणी, मग बँकेचं खातं, मग कंपनीची तारीख. तारखेला माणूस आला, पण दाराच्या घंटीखाली अजून जुन्या भाडेकरूचं नाव होतं, म्हणून तो परत गेला. पुढची तारीख लांबली. घर तळमजल्यावर, भिंती जाड, मोबाईलला आत रेंज नाही. तुमच्या बाबांनी, आनंदने, ऑफिसातून एक फोटो पाठवला, त्यात टोपडं आणि दुपटं दिसत होतं, चेहरा नव्हता. मी कंपनीसाठी दोन पानी सभ्य इंग्रजी तक्रार लिहून पाठवली. "आई, इथे जर्मनमध्ये लिहावं लागतं," आनंद म्हणाला. मग वाट बघत बसले.

मंगळवारी बाजारात वांगी घेत होते. भाजीवाली विहीणबाईंच्याच गावची, बोरी अरबची. वजन करता करता म्हणाली, "बाई, नात पाह्यली तुमची. नाक थेट तुमचं हाये."

"कुठे पाहिलीस?"

"तुमच्या इहीनबाईच्या भावाच्या फोनात. साऱ्या गल्लीनं पाह्यली. ढोरं बांधाले आल्ता तो गडीबी पाहून गेला."

मी वांगी तिथेच ठेवली आणि घरी आले.

झालं होतं ते असं. रुमालाच्या विरजणाचं दही लागल्याबरोबर विहीणबाई वाटी भरून वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे एक वयस्कर बाई एकट्या राहत. एका हातात वाटी, दुसऱ्यात फोन. फोनकडे बोट दाखवलं, खालच्या घराकडे दाखवलं, हातांचा पाळणा करून हलवला. त्या बाईंनी वाटी घेतली आणि आपल्या वायफायचा पासवर्ड फोनमध्ये घालून दिला. ते नेट जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत पोचे. त्या पायरीवर बसून, सईला मांडीवर घेऊन, त्यांनी पहिला फोन लावला तो बोरीला.

संध्याकाळी माझा नंबर लागला. "आधी मला का नाही?" मी विचारलंच.

"तुमाले न्हाऊमाखू घालून, काजळ लावून दाखवावं म्हनलं इहीनबाई. गाव काय, गाव कसंबी पाह्यते."

हे उत्तर मला आजही पुरेसं वाटत नाही. नाक मात्र माझंच होतं.

पुढे तुमच्या घरी नेट आलं तरी त्या रोज त्याच पायरीवर जाऊन बसत, कारण आता वरच्या बाईही तिथे येऊन बसू लागल्या होत्या. शेजारच्या घरात एक नवं कुटुंब आलं, त्यांचंही नेट अडलेलं. विहीणबाईंनी तुमचा पासवर्ड परस्पर देऊन टाकला. आनंद चिडला, "असा कोणालाही देत नाहीत, आई."

"काहून? आपल्याले कोनं देलता?"

मी असते तर पासवर्ड दिला नसता.

दर रविवारी मी सईला पडद्यावरून चित्रांची पुस्तकं वाचून दाखवत असे, स्पष्ट उच्चारांत. तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा 'का' म्हणाली नाही, 'काहून' म्हणाली.

विहीणबाईंच्या शेवटच्या आजारात मी बोरीला गेले. त्यांच्या मागच्या खोलीत फोन लागत नसे. "इहीनबाई, तुमचं नेट द्या जरासं," त्या म्हणाल्या. माझ्या फोनला तिथे बरी रेंज होती. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरून बसले आणि तुम्ही दोघं दिसलात. सई, तू "आजी" म्हणालीस आणि मी "काय गं" म्हणाले. तू त्यांना हाक मारली होतीस.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल माय," तुला म्हणाल्या, "दोघीबी हाओत इथं." फोन माझ्या हातातच होता, पण तो वळवून स्वतःकडे घेणं मला जमलं नाही.

त्या रुमालाचं दही तुमच्याकडे आजही रोज लागतं. वरच्या बाईंकडे आणि शेजारच्या कुटुंबाकडेही तेच गेलं आहे. मागच्या खेपेला मी आले तेव्हा दारव्ह्याचं विरजण तसंच रुमालात वाळवून आणलं होतं. तुमच्या आईने तो रुमाल नीट घडी घालून कपाटात ठेवला. दही अजून बोरीचंच आहे.