दाजींनी काढलेले आठ मास्क

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लोकांचे व्हिडिओ एडिट करून देतात. टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत दाजी कॉम्प्युटरसमोर बसतात आणि बाहेरच्या खोलीत मी गिऱ्हाइकांसमोर बसतो. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की दोघांच्याही खुर्च्या थरथरतात. गेली अकरा वर्षं आम्ही असे थरथरत धंदा करतो आहोत.

दाजींचं नाव आहे ते मास्कसाठी. मास्क म्हणजे तोंडावर बांधायचा नव्हे. पडद्यावरच्या चित्रावर माउसनं टिंबं टाकत एक कुंपण काढायचं आणि जो काही बदल करायचा तो त्या कुंपणाच्या आतच करायचा. आतला चेहरा उजळ करा, काळा करा, धूसर करा, बाहेरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सांगायला सोपं आहे. पण व्हिडिओतला माणूस हलतो आणि कुंपण आपलं जागच्या जागी बसतं. मग एकाच्या गालासाठी आणलेला गोरेपणा शेजारच्याच्या कानावर जाऊन पडतो. म्हणून दाजी एका सेकंदाची पंचवीस चित्रं एकेक पुढे सरकवतात आणि दर वेळी कुंपण हातानं हलवतात. कॉम्प्युटर हे आपोआप करतो, पण ते दाजींना पसंत नाही. "त्याला माणूस आणि पडदा यातला फरक कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणते, "तुम्हाला तरी कुठे कळतो?" एकदा जेवताना तिनं भाजी कशी झालीय म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "डावीकडे जरा करपलीय, उजवीकडे ठीक आहे."

माणूस कष्टाळू, देखणा नाही पण नीटनेटका. दोष एकच. कोणी काही मागितलं की नाही म्हणायला तोंड उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणालं की साल्याला काढा, हे काढणार. साला येऊन म्हणाला की मला परत घाला, हे घालणार. मी स्वतः साला असल्यामुळे मला या गोष्टीचा जास्त राग येतो.

तर आमच्या भागातल्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली आणि त्यावरची फिल्म दाजींकडे आली. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात सातजण आहेत. त्यांपैकी एकालाही पुस्तक वाचताना मी पाहिलेलं नाही, पण खुर्च्यांवर बसण्यात सातहीजण तरबेज आहेत. फिल्ममधलं मुख्य दृश्य तेच होतं. लांब टेबलामागे मंडळ बसलं आहे, कागद चाळतं आहे, मान डोलावतं आहे, आणि वाचनालयातल्या मावशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना पाण्याचे ग्लास देत जाताहेत. चाळीस सेकंदांचा मामला.

आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या मावशीच. जिना चढून धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि दाजींना म्हणाल्या, "मी आहे ना हो त्यात? सव्वीस वर्षं झाली मला. दरवर्षी ग्रुप फोटो काढतात आणि दरवर्षी मी सगळ्यांच्या पिशव्या धरून फोटोग्राफरच्या मागे उभी. भिंतीवर सव्वीस फोटो आहेत, एकातही मी नाही. या खेपेला मी शेजारीपाजारी सांगून बसलेय. सगळे बघायला येणारेत. नसले तर फजिती व्हायची."

"आहात की," दाजी म्हणाले. "अगदी स्पष्ट आहात."

मावशी खूश होऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मंडळाची रीघ लागली.

अध्यक्ष आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "उपाध्यक्षांचा शर्ट फार डोळ्यात भरतोय. जरासं अंधूक करता येईल का? माझं नाव येऊ देऊ नका." दाजी हो म्हणाले. दुपारी उपाध्यक्ष आले. त्यांना अध्यक्षांच्या तोंडावर उगाचच उजेड पडल्यासारखा वाटत होता. संध्याकाळी खजिनदार येऊन सचिवांबद्दल बोलून गेले, आणि सचिवांना खजिनदारांचं टक्कल खटकत होतं. "प्रेक्षकांचं सगळं लक्ष तिकडेच जाईल हो. त्यांच्याच भल्यासाठी म्हणतोय मी." दोन दिवसांत सातहीजण येऊन गेले. प्रत्येकाला अगदी थोडंसंच हवं होतं, कोणाला कळता कामा नये असं हवं होतं आणि स्वतःचं नाव यायला नको होतं. एक गोष्ट मात्र मला मान्य करायला हवी. मला जास्त उजळ करा, असं एकहीजण म्हणाला नाही. माणसाला स्वतःचा उजेड मागायची लाज वाटते. दुसऱ्याचा विझवायची वाटत नाही.

दाजींनी सगळ्यांना हो म्हटलं आणि कामाला बसले. चाळीस सेकंद म्हणजे हजार चित्रं, आणि एकेका चित्रात सात कुंपणं. पाचव्या दिवशी मी आत डोकावलो, तर टेबलामागे सात सावल्या बसल्या होत्या.

"दाजी, अहो सगळेच गेले की अंधारात!"

"मग काय करू? एकाचंच ऐकलं असतं तर पक्षपात झाला असता," दाजी म्हणाले, आणि खजिनदारांच्या कपाळावरचं एक टिंब उचलून जरा डावीकडे ठेवलं.

सहाव्या दिवशी सचिव पुन्हा आले. त्या सात सावल्या दिसू नयेत म्हणून दाजींनी त्यांना मूळ चित्रीकरणच दाखवलं. सचिव म्हणाले, "ही बाई मधेच कुठून आली? मंडळाचं दृश्य आहे हे. काढून टाका तिला."

मी दाजींकडे बघितलं. दाजी हो म्हणाले. मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेलो आणि एका गिऱ्हाइकाला विनाकारण उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सचिव बघायला आले तेव्हा त्या मूळ चित्रीकरणातून मावशी खरोखरच गायब होत्या. मागची भिंत त्यांच्या जागी बेमालूम येऊन बसली होती. पण ग्लास राहिले होते. एक ग्लास हवेतून तरंगत आला, अध्यक्षांपुढे थांबला, अध्यक्षांनी तो घेतला. मग दुसरा निघाला.

"हे काय? भुताटकी वाटतेय ही," सचिव म्हणाले. "ग्लासही काढा."

दाजींनी तेही करून ठेवलं होतं. त्यात सातही मान्यवर रिकामी मूठ तोंडाशी नेऊन मोठ्या समाधानानं आवंढा गिळत होते.

सचिवांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "राहू दे तिला. पण अंधूक करा. मास्क टाका तिच्यावर."

"टाकतो," दाजी म्हणाले.

आणि टाकला. मी शेजारी बसून बघितलं. मावशींच्या पदरापासून चष्म्यापर्यंत, हजारच्या हजार चित्रांत, त्यांनी इतकं बारीक कुंपण काढलं की आजवर कोणाचं काढलं नसेल. आत मात्र काहीच घातलं नाही. अंधार नाही, धूसर नाही, काही नाही. सचिवांचा फोन आला, "मास्क टाकला ना?" तर दाजी शांतपणे म्हणाले, "टाकला." अकरा वर्षांत मला दाजींचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. मी त्यांना चहा आणून दिला, जो मी एरवी देत नाही.

फिल्म वाचनालयाच्या सभागृहात दाखवली. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मावशींचे शेजारी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मावशी आमच्याजवळ, शेवटच्या रांगेमागे, हातात रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ते दृश्य आलं. ग्रहण लागावं तसे सात काळसर आकार टेबलामागे मान डोलावत होते, आणि त्यांच्यामागून एकट्या मावशी, चष्म्याची काडी न् काडी दिसेल अशा लख्ख, पाणी वाटत चालल्या होत्या. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग तिसऱ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि सगळं सभागृह मागे वळून मावशींकडे बघायला लागलं. मावशींनी ट्रेनं तोंड झाकलं.

पुढच्या रांगेत अळीमिळी गुपचिळी होती. आपल्याला कोणी विझवलं असं विचारायला गेलं, तर आपण कोणाला विझवलं तेही निघणार. शेवटी अध्यक्ष उठले आणि तांत्रिक अडचणीबद्दल दोन शब्द बोलले. सहाहीजणांनी माना डोलावल्या.

लोक गेले, शेजारणी मावशींचे गाल ओढून गेल्या. आम्ही वायर गुंडाळायला लागलो तेव्हा मावशी जवळ आल्या. "मला लाजेनं नीट बघताच आलं नाही. एकदा पुन्हा लावाल का?"

दाजींनी लावलं. मावशी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस सेकंद हसत हसत बघितलं. मग हसू जरा थांबलं.

"सातजणांनी ग्लास घेतला," त्या म्हणाल्या, "पण एकानंही वर बघितलं नाही हो माझ्याकडे."

दाजींनी दृश्य मागे नेलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. मावशी खरं बोलत होत्या. सात हात पुढे येत होते, ग्लास घेत होते, आणि सातही माना खालीच होत्या. मला हे दिसलं नव्हतं. आणि आठ दिवस याच हजार चित्रांत याच माणसांभोवती टिंबं टाकत बसलेल्या आमच्या दाजींनाही ते दिसलं नव्हतं.