घागरीवरचं घासलेलं नाव

मंडळी, चौकातल्या या फळ्यावर मी रोज सुविचार लिहितो. आज सुविचाराऐवजी सकाळी माझ्या जुन्या भांड्यांच्या दुकानात घडलं तेच लिहितो.

हवालदार आले. पितळी घागरीच्या गळ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "इथलं नाव कुठं गेलं?"

"मीच घासलं, साहेब."

"म्हणजे चोरीचा माल! नवा नियम माहीत नाही? विकणाऱ्याचं नाव-पत्ता वहीत पाहिजे. उद्या त्याला चौकीवर आण, नाहीतर तू ये."

अहो, मोडीत आलेल्या भांड्यावरचं नाव घासायचं, ही आमच्या धंद्याची रीतच आहे! ही घागर एका बाईने पदराखाली झाकून आणली होती. म्हणाली, "भाऊ, आधी नाव घासा. सासूबाईंना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत." मी कानस फिरवली, तेव्हा कुठे ती उठली.

वहीत तिचं नाव लिहिलं तर तिचं घर जाईल, नाही लिहिलं तर चोर मी. तुम्ही काय लिहिलं असतं?

उद्या दुकान बंद दिसलं तर समजून घ्या. आणि कृपा करून आज घरी जाऊन घागरी मोजू नका.