कांग्याच्या काठावरचे वाक्य

विद्यापीठातील समाजशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मी समुद्रकाठच्या पांगानीला, माझ्या माहेरगावी परतले, आणि प्रौढ स्त्रियांना वाचायला शिकवणे हे माझे कर्तव्य आहे असे ठरवले. दुपारच्या नमाजानंतर माझ्या ओसरीवर वर्ग भरे. पाठ्यपुस्तक मीच लिहिले होते. त्यात उकळलेले पाणी, सहकार आणि नागरिकांची कर्तव्ये होती. आनंद म्हणावा असे काही त्यात राहू नये, याची मी पुरेशी दक्षता घेतली होती.

या वर्गात सर्वांत मोठ्याने जांभई देई ती सिकुझानी. पहाटेपासून धक्क्यावर नारळाच्या दुधातले तांदळाचे आप्पे विकून ती थेट वर्गाला येई. एकदा ती म्हणाली, "बाई, पाणी उकळून प्यावं हे वाचता येत नव्हतं तेव्हाही कळत होतं. जे कळत नव्हतं, त्याच्यापायी माझी वन्सं तुटली."

तिची नणंद किबिबी हिने नवे घर बांधले, तेव्हा सिकुझानीने तिला कांग्याची, म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या छापील कापडाची, जोडी भेट दिली होती. रंग जांभळा, काठावर काजूची नक्षी. तिने तेवढेच पाहिले. काठावर छापले होते, 'दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून पोट भरत नाही.' आमच्याकडे काठावरचे वाक्य हे देणारीचेच बोलणे समजले जाते. किबिबीने त्या दिवसापासून अबोला धरला. आपल्याला वाचता येत नाही, असे सिकुझानीने नंतर कितीदा शपथेवर सांगितले. पण दुकानात ऐकलेली वाक्ये पाठ करून, काठावर बोट फिरवत ती चारचौघींत म्हणून दाखवण्याची तिची जुनी हौस साऱ्या गावाला ठाऊक होती. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

हे वर्गात बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझे पुस्तक बाजूला सारून आपला एक कांगा पसरला. मग सगळ्याच आपापले कांगे आणू लागल्या. त्यांवर बहुतेक सवतींना आणि शेजारणींना मारलेले टोमणे होते. साक्षरतेचा हा उपयोग मला हीन वाटला, आणि मी तसे सविस्तर प्रतिपादन केले. ते संपेपर्यंत बायकांनी, मला काहीही न विचारता, आणखी दोन काठ वाचून काढले होते.

पुढे किबिबीच्या मुलीचे लग्न ठरले. सिकुझानीने भेटीचा कांगा या वेळी स्वतः वाचून घ्यायचे ठरवले. ही संधी हुकली, तर दोन्ही घरे कायमची तुटणार होती. मी आगंतुकपणे सोबत गेले. दुकानदार वाचून द्यायला तयार होता, मी तर अक्षरे पुटपुटूही लागले होते. "ओठ मिटा, बाई," ती म्हणाली. एकेक जोडी उलगडत, बोट ठेवत, परत वळत तिने दुकानदाराचा दुपारचा चहा थंड केला आणि अखेर एक निवडली.

ती अडखळू नये, म्हणून लग्नापर्यंत रोज तेच वाक्य मी तिच्याकडून घोटून घेतले. माझी प्रतिष्ठा पणाला लागली आहे, अशी माझी समजूत होती.

लग्नघरात बायकांच्या बैठकीत किबिबीने जोडी हातात घेतली. "ह्या वेळी काय ऐकवलंयस?"

सिकुझानीने काठ मांडीवर घेतला. "भां... भांडलो तरी... वि... विहीर..." ती थांबली, मागे गेली, पुन्हा निघाली. मी घामाघूम झाले. "...विहीर एकच."

"एवढं अडखळतेस?" किबिबीने विचारले.

"आत्ता कुठं शिकतेय, वन्सं. तेव्हा तर एवढंही येत नव्हतं."

किबिबीने काठ आपल्याकडे ओढून पाहिला. "शिकवतंय कोण?"

सिकुझानीने माझ्याकडे बोट केले.

"मग खरं असेल," किबिबी म्हणाली, आणि चटईवर सरकून तिने भावजयीला जागा केली.

माझ्या अध्यापनातील उणिवांचा कोणाला इतका लाभ झाल्याचे मला स्मरत नाही. पुलाव आला. त्या दोघी एकाच परातीत जेवल्या, आणि जेवता जेवता सिकुझानी समोर बसलेल्या बायकांचे काठ एकेक करून वाचत होती. हळू, चुकत, आणि माझ्याकडे एकदाही न पाहता.