आत्याच्या तारेवरचं कार्ड

भोक पडलेल्या जुन्या पोस्टकार्डाला संग्राहक नाक मुरडतात. मी मात्र तशीच कार्डं जमवते. वाचून झालेलं पत्र भिंतीवरच्या तारेला ओवायचं, ही आपल्या घरांची रीत. बिनभोकाचं कार्ड कुणी वाचलंच नसावं, असं मला वाटत राहतं.

आईच्या आत्याची बोरिवलीची सोसायटी पाडायला निघाली, तेव्हा तिची तार माझ्याकडे आली. आत्या तोवर गेली होती. मी हौसेने सगळी कार्डं उपसून प्लास्टिकच्या पाकिटांत घातली आणि क्रमाची वाट लावली. नेमका क्रमच हवा होता, हे नंतर कळलं.

आईने स्वतःच्या मनाने लग्न केलं, म्हणून तिचे वडील कोकणातून आलेच नाहीत. पुढे लवकरच ते वारले. त्यांनी बहिणीला, म्हणजे आत्याला, लिहिलेल्या एका कार्डावर होतं, 'पोरीला माझा आशीर्वाद सांग.' तारीख नाही, शिक्का फिसकटलेला. आत्या जन्मभर सांगत राहिली की लग्नाचं कळल्यावर हे आलं. आईला ते कधी पटलं नाही.

"लग्नाआधी मला नोकरी लागली तेव्हाचं असणार. माझं मन राखायला सांगते ती," म्हणायची.

मागच्या महिन्यात त्या कार्डाच्या पत्त्याच्या बाजूवरचा तांबूस डाग खोडरबराने काढायला बसले आणि हात थांबला. डाग कुंकवाचा होता. बाबांच्या घरून आत्याला आलेलं लग्नाचं छापील कार्ड शोधलं. त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट. भोकावर भोक धरलं, तर डागावर डाग बसला.

आत्या मजकूर वर ठेवूनच ओवायची, नवं कार्ड जुन्यावर. म्हणजे आजोबांचं कार्ड लग्नपत्रिकेच्या वर होतं, तिच्यानंतर आलेलं. मी घरात एकटीच मोठ्याने हसले. आत्या हरत आलेला खटला मी जिंकला होता, आणि तोही ज्याला मी घाण समजून पुसणार होते त्या डागावर.

आईने चष्मा लावून दोन्ही कार्डं स्वतः जुळवली, तीनदा.

"आत्याला किती बोलले गं मी," म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसले. "काढ ती प्लास्टिकं. तार कुठेय?"

तिने आधी पत्रिका ओवली आणि तिच्यावर वडिलांचं कार्ड.