माहेरच्या सीताफळाच्या बिया

कुणी म्हणतं सीताफळ सीतामाईनं वनवासात लावलं, शिकलेले म्हणतात परदेशातून जहाजानं आलं. पडेगावच्या कस्तुराबाईला विचाराल, तर ते पैठणजवळच्या तिच्या माहेराहून आलं, बापानं शेळ्यांच्या वाड्याला लावलेल्या झाडावरून. शेळ्या सगळं ओरबाडतात, पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून धनगराच्या दारी ते सुखानं वाढतं.

जायकवाडी धरणाचं पाणी चढलं आणि माहेर झाडासकट बुडालं. शेवटच्या फळांच्या बिया कस्तुराबाईनं पदराला बांधून सासरी आणल्या आणि पेरायला म्हणून कोनाड्यात ठेवल्या.

तेवढ्यात लेकीच्या डोक्यात उवा झाल्या. सासू राजाबाई मायाळू, पण भारी घाईची. तिनं कोनाड्यातल्या बिया पाट्यावर वाटल्या, तेलात कालवल्या आणि नातीच्या डोळ्यांवर फडकं बांधून केसांना चोळल्या. उवा मेल्या. कस्तुराबाई रानातून आली, पाटा पाहिला आणि रडू लागली.

"बियांसाठी एवढं काय रडायचं?"

"आत्याबाई, त्या माह्या बापाच्या झाडाच्या व्हत्या."

राजाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. पुन्हा तो विषय दोघींनी काढला नाही.

पुढं कस्तुराबाई दौलताबादच्या रस्त्याला सीताफळं विकू लागली. अशक्त पोराला गोड फळ निवडून द्यायची, सर्दीवाल्याला हाकलून लावायची. प्रत्येक पाटीतलं एक फळ मात्र स्वतः खायची आणि मान हलवायची. ती चव नव्हतीच. माहेरची आठवण कुणाला येत नाही? पण हिला तर त्या झाडाखाली जाऊन बसायलाही जागा उरली नव्हती.

अशी काही वर्षं गेली. मग एका दिवाळीला भाऊ मुंजाबा धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणातून दोन सीताफळं घेऊन आला.

"आक्का, आबांनी मरायच्या आधी नव्या घरापाशी आपल्याच झाडाचं बी टोचलं व्हतं. धरंल का नाय म्हणून बोललो नव्हतो. औंदा फळं आली."

कस्तुराबाईनं फळ फोडलं, अर्धं सासूच्या हातात दिलं. पहिल्याच घासाला कस्तुराबाईचे डोळे वाहू लागले. या खेपेला मान हलली नाही.

राजाबाईला आता वयामुळं धड दिसत नव्हतं. तिनं एकेक बी तळहातावर काढलं, खुरपं मागितलं आणि भिंत चाचपत अंगणात गेली.

"आत्याबाई, राहू द्या, मी लावते."

"नको. वाटल्या मी, लावणार मीच."

कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या शेजारी बसली.